निळा दिवा लागला की...

"अय्या, पार्टी बोट!" मी ओरडले. हडसनवर अंधार पडलेला, पलीकडे मॅनहॅटन झगमगतंय आणि उजवीकडून एक निळा दिवा लुकलुकत आमच्याच दिशेनं येतोय. जर्सी सिटीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा चेहरा मात्र पडला. "पार्टी कसली? मामा आलेत!"

त्यानं मुकाट्यानं स्पीड कमी केला. अमेरिकेतल्या नद्या-बंदरांत लुकलुकणारा निळा दिवा पोलीस, कोस्ट गार्ड अशा कायदा राखणाऱ्यांच्याच बोटींवर असतो. लाल-पिवळा आलटूनपालटून लुकलुकला, तर ती मदतकार्यातली बोट. (कोस्ट गार्डला तर बोटीवर चढायला वॉरंटही लागत नाही!)

आमचा गुन्हा? उजवा हिरवा दिवा बंद. एवढंच ना, असं मलाही वाटलं. पण रात्री पाण्यावर बोट दिसत नाही, दिवेच दिसतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, वर पांढरा. हिरवा गेला की उजवीकडून नुसता पांढरा दिसतो आणि तो तर नांगर टाकून थांबलेल्या बोटीचा दिवा. म्हणजे आम्ही सुसाट निघालेलो आणि समोरच्याला वाटणार, उभे आहोत!

मग लाइफ जॅकेट्सची मोजणी. माणसं पाच, जॅकेट्स पाच. पण तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घालायचं असतं आणि भाचीचं होतं सीटखाली. उकडतं म्हणून तिनं काढलेलं, आम्हीही 'जाऊ दे' म्हटलेलं. मला एकदम आपलं गेटवे आठवलं. १८ डिसेंबर २०२४ला एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तीही दिवसाउजेडी. १५ जण गेले.

मी गुपचूप भाचीच्या जॅकेटचे पट्टे आवळले. भावानं वायर हलवली, हिरवा दिवा लागला. मग कुठे तो निळा विझला.