श्रद्धा आणि सूक्ष्मदर्शक

१५३१ साली मेक्सिकोतील तेपेयाक टेकडीवर ख्वान दिएगो या मूळनिवासी माणसाला कुमारी मेरीने दर्शन दिले आणि त्याच्या अंगावरील वस्त्रावर तिची प्रतिमा आपोआप उमटली, अशी तेथील कोट्यवधी लोकांची श्रद्धा आहे. ग्वादालूपेच्या मातेची ही प्रतिमा मेक्सिको सिटीतील बॅसिलिकात आहे. १९२१ मध्ये तिच्यापुढे बाँबस्फोट झाला. वेदीवरचा धातूचा क्रूस वाकला. प्रतिमेला मात्र धक्का लागला नाही. अशा प्रतिमेला तज्ज्ञाने भिंग लावणे म्हणजे काय, हे पंढरीच्या वाटेने चालणाऱ्या महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको.

परंतु ही तपासणी नवी नव्हे. १५५६ मध्येच बुस्तामान्ते या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने प्रवचनात, हे चित्र मार्कोस नावाच्या मूळनिवासी चित्रकाराचे असल्याचे म्हटले होते. उलट १६६६ मध्ये चर्चनेच नेमलेल्या चित्रकारांनी आणि १७५१ मध्ये मिगेल काब्रेरा या ख्यातनाम चित्रकाराने ही कृती मानवी हाताबाहेरची ठरविली.

१९८२ मध्ये बॅसिलिकाचे प्रमुख शुलेनबुर्ग यांच्या पुढाकाराने होसे सोल रोसालेस या कलाकृतिसंरक्षकाने सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिमा न्याहाळली. कापडावर पांढरा लेप, त्यावर कोचिनील किड्यांपासून होणाऱ्या तांबड्यासारखे त्या काळी परिचित असलेले रंग आणि चित्रकाराच्या कुंचल्याचे काम त्यांना आढळले. त्यांच्या मते हे मानवी हाताने रंगविलेले चित्र होते.

हा अहवाल मात्र वीस वर्षे अप्रकाशित राहिला. २००२ मध्ये ख्वान दिएगोला संतपद देण्याचा समारंभ तोंडावर आला असताना ‘प्रोसेसो’ साप्ताहिकाने तो उजेडात आणला. वाद झाला, ३१ जुलैला समारंभही झाला. यात्रेकरूंची गर्दी ओसरली नाही. मग वीस वर्षांच्या मौनाने रक्षण झाले ते कोणाचे?

संरक्षकाचे काम देवत्वाचा निवाडा करण्याचे नसते. लेप कशाचा आहे, रंग कोठे सुटू लागला आहे, पूर्वी कोणी हात फिरविला, हे कळल्यावाचून जीर्ण वस्तू टिकविता येत नाही. जी वस्तू भक्तांना प्रिय आहे, तिच्या प्रकृतीची माहिती भक्तांपासूनच लपविणे हा विचित्र न्याय झाला. विश्वस्ताजवळ जे असते ते दुसऱ्याचे असते. पेढीची पत हिशेबतपासणीने बुडत नाही. तपासणीचा अहवाल दडपला असे उघड झाले, की बुडते.

रंग कापडावर कसा चढला, याचे उत्तर सूक्ष्मदर्शक देऊ शकतो. गुडघ्यांवर चालत येणारी माता त्या प्रतिमेपुढे का रडते, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ही मर्यादा शास्त्रज्ञाने ओळखावी. आणि भक्ताला सत्य पेलवणार नाही, हे परस्पर ठरविण्याचा अधिकार विश्वस्तांनी सोडून द्यावा.