पाहुणी ज्वारी आणि घरची मालदांडी

(नभोवाणी भाषण, संपादित)

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. पश्चिमेला सोलापूर ओलांडले की मोहोळ लागते. पूर्वेला हैदराबादच्या अलीकडे पाटणचेरू. आपल्या ज्वारीच्या बियाण्याची बरीचशी हकिकत या दोन गावांत सापडते.

मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण तयार झाला. टपोरा मोतिया दाणा, गोड भाकरी आणि जनावरे आवडीने खातील असा कडबा, यामुळे रब्बीत तो आजही टिकून आहे.

खरिपाचे तसे नव्हते. खरिपाची जुनी ज्वारी उंच, उशिरा येणारी. दिवस लहान झाल्याशिवाय ती निसवत नसे. पाऊस लवकर उघडला की दाणा भरायचा राहून जाई. यावर उपाय बाहेरून आला. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिथून ती अमेरिकेत गेली आणि तिथल्या निवडीतून बुटकी, लवकर येणारी झाली. ज्वारीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर असतात. त्यामुळे हाताने संकर करून शेतकऱ्यांना पुरेल इतके बियाणे करणे शक्य नव्हते. १९५४ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी परागकण निकामी असलेल्या ज्वारीचा मार्ग दाखवला. अमेरिकेतून आलेली अशीच 'कंबाइन काफिर ६०' मादी म्हणून वापरून १९६४ साली 'सी.एस.एच. १' हा देशातला पहिला संकरित वाण प्रसारित झाला. उत्पादन वाढले, पीक सुमारे शंभर दिवसांत हाती येऊ लागले.

पण पाहुण्याबरोबर त्याच्या खोडीही आल्या. लवकर पिकणारे कणीस पावसात सापडून काळे पडू लागले. पेरणी लांबली की खोडमाशी पोंगे मारी. ताटे बुटकी, म्हणून कडबाही कमी. रब्बीत सरत्या ओलीवर वाढताना खोडमाशी आणि खडखड्या रोग यांच्यापुढे टिकली ती मालदांडीच.

म्हणून पैदासकार परदेशी वाणातला हवा तो गुण घेतात आणि ती संतती पुन्हा पुन्हा देशी वाणाशी संकरित करतात. उद्या कोणता गुण लागेल हे आज सांगता येत नाही. यासाठी पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या जनुकपेढीत जगभरातील ज्वारीचे ४० हजारांहून अधिक नमुने थंडाव्यात जपले आहेत.

मालदांडी हा सरळ वाण आहे. त्याचे बी घरी धरता येते. तेव्हा सुगीत चांगली, निरोगी कणसे आधी खुडून वेगळी ठेवा. पाहुण्याकडून काही घ्यायचे, तर घरचे बी शाबूत हवे.