केशरी गाजर म्हणजे ‘हायब्रीड’ नव्हे

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला धाराशिवकडे शेतात जी भज्जी खातात, तिच्यात हरभरा-पावट्याबरोबर गाजरही पडते. तेवढ्यासाठी बाजारात गेले की कोणीतरी बजावतेच: लाल घ्या, केशरी हायब्रीड असते.

रंग आणि बियाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकरित (हायब्रीड) म्हणजे दोन निवडक वाणांचा मुद्दाम संकर करून घेतलेले पहिल्या पिढीचे बी. सरळ वाणाचे बी विरजणासारखे असते. चमचाभर राखले की उद्या तसेच दही लागते. संकरिताचे तसे नाही, तो संकर दरवेळी नव्याने करावा लागतो. नान्तेस हे जुने विलायती गाजर केशरी असून सरळ वाण आहे. उलट दिल्लीच्या पुसा संस्थेचे ‘पुसा वसुधा’ लाल आहे आणि संकरित आहे! गाजराच्या या संकरात प्रयोगशाळेतला जनुकबदलही नाही. भारतात शेतोशेती घेतले जाणारे जनुकबदल पीक बीटी कापूस आहे, गाजर नव्हे.

लाली येते लायकोपीनमुळे (टोमॅटोतले रंगद्रव्य), केशरी छटा बीटा-कॅरोटीनमुळे (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते). लायकोपीनपासून ते बनत नाही. म्हणून अ जीवनसत्त्वासाठी केशरी गाजर सहसा सरस, चवीला मात्र आमचे मत लालच्या बाजूने. भज्जीत दोन्ही चालतील, फक्त तेलाची फोडणी असू द्या: बीटा-कॅरोटीन स्निग्धाबरोबरच नीट शोषले जाते.