शस्त्राचा हक्क आणि संरक्षणाची हमी

गोदावरीकाठच्या शहागडातील शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्याला जालन्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि तेथे त्या हक्काच्या मर्यादेविषयी वाद चालतो. भारतीय राज्यघटनेने असा हक्क दिलेला नाही. सभा भरविण्याचे स्वातंत्र्यसुद्धा एकोणिसाव्या कलमाने 'शांततेने व विनाशस्त्र' या अटीवरच दिले आहे.

ही अनवधानाने राहिलेली उणीव नव्हे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी प्रजेला निःशस्त्र केले; युरोपियनांना मात्र त्यातून सवलत होती. त्या अपमानाची प्रतिक्रिया म्हणून १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमाधीन शस्त्रहक्काची मागणी समाविष्ट झाली. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तिचा घटना समितीत पुनरुच्चार केला. डॉ. आंबेडकरांनी ती अमान्य केली. कोणीही बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. व्यक्तीच्या शस्त्रहक्कापेक्षा शस्त्र धारण करण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यावा, असेही त्यांनी सुचविले.

मराठवाड्याने या मताला सर्वांत कठीण आव्हान द्यावे, असा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे त्या चर्चेच्या तीन महिने आधीपर्यंत, शहागड निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या हाती शस्त्रे होती आणि सामान्य रयत बहुतांशी निःशस्त्र होती. मग हक्क असता तर अत्याचार टळले असते काय? ज्या राजवटीने रझाकारांना पाठीशी घातले, तिने रयतेचा कागदी हक्क मानला असता, असे समजणे भाबडेपणाचे आहे. सरहद्दीवरील कँपांतून ज्यांनी शस्त्र उचलले, ते घटनेतील कलमासाठी थांबले नव्हते. त्या काळाचा खरा धडा असा, की खाजगी सशस्त्र संघटनेला सत्तेचा आश्रय मिळाला म्हणजे नागरिकाचा कोणताच हक्क सुरक्षित राहत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर संरक्षण ही सार्वजनिक वस्तू आहे. ती सर्वांना मिळते किंवा कोणालाच पुरेशी मिळत नाही. ती बाजारात विकत घ्यायची झाली, की ऐपतदार बंदूक घेतो, त्याचा शेजारी त्या भीतीने दुसरी घेतो आणि भूमिहीन मजूर दोघांच्याही दयेवर राहतो. खर्च वाढतो, निर्धास्तपणा मात्र वाढत नाही. म्हणून शस्त्रावर मर्यादा हवीच. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्न-मिरवणुकांत निष्काळजीपणे गोळ्या झाडणे शिक्षापात्र ठरविले, हे योग्यच झाले.

तथापि मर्यादा घालणाऱ्यावरही मर्यादा असावी लागते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे चौदावे कलम सांगते, की केवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन आहे, अपिलाचीही सोय आहे. पीकरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा तर अधिनियमात स्वतंत्र उल्लेख आहे. या तरतुदी कागदावरच राहिल्या, तर परवाना ही गरजेची नव्हे, प्रतिष्ठेची खूण बनेल आणि १८७८ चा पंक्तिप्रपंच नव्या रूपाने अवतरेल.

नागरिकाला शस्त्र नाकारणाऱ्या राज्याने त्याच्या संरक्षणाची हमी घेतली पाहिजे. गावात वेळेवर पोहोचणारा पोलीस, पिकाच्या नुकसानीची विनाविलंब भरपाई आणि परवान्याच्या अर्जावर मुदतीत लेखी निर्णय, एवढे तरी शहागडच्या शेतकऱ्याच्या पदरी पडले पाहिजे. त्याने सोडलेल्या हक्काचा तो मोबदला आहे. त्यात उपकाराचा भाग नाही.