एका उपकाराचा ताम्रपट

इंग्लंडातील इप्सविच या बंदराच्या गावी टॉमस पाउंडर नावाच्या व्यापाऱ्याचा इ. स. 1525 मधील पितळी स्मृतिपट जतन करून ठेवला आहे. ट्यूडर राजांच्या अमदानीतील या पटावर व्यापारी, त्याची पत्नी आणि आठ मुले कोरलेली आहेत. श्रोतेहो, व्यापारी कुटुंबाची धातूवर कोरलेली अशी आठवण आपल्या गोमंतकातही आहे, आणि ती याहून साडेचारशे वर्षांनी तरी जुनी आहे.

मुरगाव बंदर जुवारीच्या मुखाशी दक्षिण तीरावर आहे. नदीतून थोडे वर गेले की उत्तर तीरावर गोवा वेल्हा लागते. येथेच कदंब राजांचे गोपकपट्टण हे बंदर होते. पहिल्या जयकेशीच्या, अकराव्या शतकाच्या मध्यावरील ताम्रपटात एक हकीकत सांगितली आहे. त्याचा आजा गुहल्लदेव समुद्रमार्गाने सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता वाटेत गलबताची डोलकाठी मोडली. राजाला गोव्याच्या बंदराचा आश्रय घ्यावा लागला. त्या संकटी मदुमद नावाचा धनाढ्य अरब व्यापारी त्याच्या साह्यास धावून आला. यात्रेकरू शिवभक्त आणि तारणारा मुसलमान!

मदुमदाचा पुत्र अलियम, आणि अलियमाचा पुत्र सदन. या सदनाला जयकेशीने कोकणचा अधिकारी नेमले. त्याने राजधानीत मशीद व अन्नछत्र उभारले. त्यांचा खर्च चालावा म्हणून बंदरात येणाऱ्या जहाजांवर व व्यापाऱ्यांवर कर घेण्याची राजाने अनुज्ञा दिली.

दोन्ही पटांतील भेद येथेच आहे. इंग्लंडातला पट मृताचे स्मरण करतो. आपला ताम्रपट मुळात राजशासन आहे. दिलेला हक्क पुढे कोणी नाकारू नये, म्हणून असे शासन न कुजणाऱ्या तांब्यावर कोरीत. हक्क कशामुळे मिळाला हे सांगणे ओघानेच आले, आणि त्या ओघात तीन पिढ्यांची नावे टिकली. आजाने आजावर केलेला उपकार नातवाने नातवाला असा फेडला.

गोपकपट्टणाचे वैभव कधीच मावळले. तीरावर जांभ्या दगडाच्या जुन्या भिंतीचे अवशेष तेवढे उरले आहेत. सदनाच्या अन्नछत्रात जेवलेल्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. परंतु त्यांच्या मुखी घास पडावा म्हणून एका राजाने बंदराच्या उत्पन्नाचा वाटा तोडून दिला, याची साक्ष तो ताम्रपट अजूनही देतो.