निवड मुंगीची, पसंती बुरशीची

पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर पानांचे तुकडे डोक्यावर धरून निघालेली मुंग्यांची रांग पाहिली, की कुणालाही वाटेल, घरी जेवणाची तयारी चालली आहे. तयारी असते ती खताची. इंग्रज खाण अभियंता थॉमस बेल्ट याने निकाराग्वात वारुळं खणून पाहिली आणि १८७४ च्या पुस्तकात तसं मांडलं: कातरलेल्या पानांवर या मुंग्या बुरशी पिकवतात आणि ती खातात. या मुंग्या अमेरिका खंडांबाहेर नाहीत. (किड्यांची शेती मात्र आपल्याकडेही आहे. कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे वाळवीने पोसलेली बुरशीच.)

पान कातरताना कामकरी मुंगी थोडा रस पिते, पण अळ्या वाढतात त्या बुरशीवर. मग बुरशीला बाधणारं पान मुंगीला ओळखू कसं येतं? काही पानं वासावरूनच टळतात. कोस्टा रिकात या मुंग्या हायमेनिया नावाच्या झाडाला फारसं तोंड लावत नाहीत; त्याच्या पानात बुरशी मारणारं रसायन सापडलं आहे.

खरी गंमत मुंगीला न कळणाऱ्या विषाची. संशोधकांनी मुंग्यांना जाणवणार नाही असं बुरशीनाशक पानांत भरलं. मुंग्यांनी ती पानं आनंदाने नेली. काही तासांनी मात्र त्याच झाडाची पानं, अगदी बिनविषाचीसुद्धा, वारुळाने नाकारली, आणि पुढे कित्येक आठवडे नाकारत राहिलं. हा अनुभव नसलेल्या वारुळातल्या मुंग्या तीच पानं खुशाल नेत होत्या. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठात फ्लाविओ रोसेस आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं दाखवलं: असल्या पानांचा नुसता कचरा बुरशीच्या कप्प्यात ठेवला, तरी बाहेर फिरणाऱ्या मुंग्या त्या झाडाकडे पाठ फिरवतात. म्हणजे पान वाईट ठरतं ते घरात, बातमी पोचते बाहेर.

चांगल्या बातमीची घाई तर याहून जास्त. नवं, चविष्ट झाड सापडलं की मुंगी मुद्दाम लहान तुकडा कापते. ओझं हलकं, म्हणून घर लवकर गाठता येतं आणि इतरांना बोलावता येतं.

ब्राझीलमधल्या निलगिरीच्या लागवडीत या मुंग्या मोठं नुकसान करतात. सापडलेलं घरी नेण्याची हीच सवय तिथे त्यांच्याविरुद्ध वापरतात: त्यांना मारायचं आमिष संत्र्याच्या चोथ्याच्या गोळ्यांचं असतं आणि त्यातलं विष मुद्दाम मंद निवडलेलं असतं. लगेच मारणारं विष घातलं, तर गोळ्या वारुळात सगळीकडे पोचायच्या आत नेणाऱ्याच मरतील.