शून्य अधिक शून्य
१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवले, की गोंगाटाच्या संदेशवाहिनीलाही ठरावीक क्षमता असते. दोन वाहिन्या जोडल्या, की क्षमतांची सरळ बेरीज होते. क्वांटम वाहिन्यांत ही बेरीज चुकते. सरासरी निम्मे फोटॉन गहाळ करणाऱ्या वाहिनीची क्वांटम क्षमता शून्य. ती शून्य नसती, तर गहाळ निम्म्यातूनही तोच संदेश जुळवता आला असता, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल तर अशक्य! दुसरी एक वाहिनी गुप्त किल्ली पोहोचवते, पण क्वांटम अवस्था नाही. तिचीही क्षमता शून्यच. २००८ मध्ये ग्रॅम स्मिथ आणि जॉन यार्ड यांनी सिद्ध केले, की या दोघी एकत्र वापरल्या तर क्वांटम संदेश पोहोचतो. मग एकट्या वाहिनीला ‘निरुपयोगी’ ठरवायचे तरी कशाच्या आधारे?